गाठीच्या तापाचा माग : वडगाव ते हार्बिन

रोग जिथे घडतो त्या घरात, गोठ्यात आणि बाजारात जाऊन केलेल्या पाहणीला सार्वजनिक आरोग्यशास्त्रात क्षेत्रकार्य म्हणतात, आणि बेळगाव परिसरात या पद्धतीचा पाया घातला गेला तो प्लेगच्या, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या ‘गाठीच्या तापा’च्या निमित्ताने. चीनच्या युन्नान प्रांतात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून धुमसणारी ही साथ 1894 साली कँटन व हाँगकाँग या बंदरांत पोहोचली, तिथून 1896 च्या सप्टेंबरात ती मुंबईच्या मांडवी भागात उघडकीस आली आणि पुढे पुणे-मिरज-बेळगाव-लोंढा या लोहमार्गाने दक्षिणेकडील मुलखाला जोडून घेतले होतेच, तेव्हा तिला वेगळी वाट शोधावी लागली नाही.

बेळगाव ब्रिटिश अमलाखाली आणि त्याला खेटून असलेले शहापूर सांगली संस्थानात, अशी त्या काळची राजकीय रचना होती. त्यामुळे एका पेठेतला हुकूम शेजारच्या पेठेत चालेलच असे नव्हते, रोग पसरवणाऱ्या उंदराला मात्र ही हद्द ठाऊक नव्हती. शहापूर-वडगाव हा विणकरांचा भाग. खड्डामाग, म्हणजे विणकराने पाय सोडून बसण्यासाठी जमिनीत खड्डा घेऊन मांडलेला हातमाग, हा घराचाच भाग असल्याने घर सोडणे म्हणजे पोट सोडणे होते. तरीही या मुलखात ‘उंदीर पडला’ की, म्हणजे आढ्यावरून किंवा कणगीजवळ मेलेला उंदीर खाली आढळला की, गाव रिकामे करून माळावर झोपड्या घालून राहण्याची रीत रूढ झाली. सरकारी अधिकाऱ्यांनी घरे खाली करण्याचे हुकूम काढले, पण उंदीर पडण्याचा अर्थ लोक स्वतःच लावू लागले होते, आणि उंदरावरील पिसवेतून रोग पसरतो हा सिद्धान्त वैद्यकशास्त्राने पुरता स्वीकारण्याच्या आधीच त्यांची ही खूण बरोबर ठरली होती.

पॉल-लुई सिमों या फ्रेंच वैद्याने 1898 साली कराचीत प्रयोग करून उंदराच्या अंगावरील पिसू हीच रोगाची वाहक असल्याचे मांडले, तेव्हा त्याला फारशी दाद मिळाली नाही. 1905 पासून मुंबईच्या परळ येथील प्रयोगशाळेत काम करणाऱ्या पथकाने प्लेगच्या घरांत गिनीपिग सोडून, जाळीच्या पिंजऱ्यांभोवती चिकट कागद पसरून पिसवा पकडल्या आणि सिमोंचे म्हणणे पक्के केले. त्याच संशोधनाच्या मालिकेत 1908-09 मध्ये बेळगावातही पाहणी झाली. बेळगाव निवडण्यामागचे शास्त्रीय कुतूहल ऋतूचे असावे, असे मानण्यास जागा आहे. मुंबईत साथीचा जोर फेब्रुवारी ते एप्रिल या काळात असे, तर बेळगाव-धारवाडकडे तो पावसाळ्यात आणि त्यानंतर चढे. कोरड्या कडक उन्हात पिसवेकडून संसर्ग पसरण्याचे प्रमाण घटते आणि दमट, सौम्य हवेत ते वाढते, हे त्याचे कारण. म्हणजे ज्या दिवसांत भाताच्या लावणीची घाई आणि माळावर चिखल, त्याच दिवसांत घर सोडण्याची वेळ येई. वडगावच्या मंगाई देवीची यात्रा व ठरावीक वारी शेतकाम बंद ठेवण्याची ‘वार पाळणूक’ही आषाढाच्या सुमाराचीच, तरी केवळ काळ जुळतो म्हणून तिचे मूळ प्लेगात शोधणे धाडसाचे ठरेल.

परळच्या पथकातील जॉर्ज पेट्री पुढे ब्रिटनचे प्रतिनिधी म्हणून चीनला गेले, तो प्रसंग या विषयात महत्त्वाचा आहे. 1910-11 च्या हिवाळ्यात मांचुरियात सुमारे साठ हजार माणसे दगावली होती, आणि एप्रिल 1911 मध्ये मुकदेन येथे आंतरराष्ट्रीय प्लेग परिषद भरली. मुंबईत रुजलेल्या अनुभवानुसार शोध उंदरापासून सुरू व्हायला हवा होता. पण मांचुरियातील हार्बिनला धाडलेले तरुण डॉक्टर वू ल्येन-तेह यांनी शवविच्छेदन करून हा फुप्फुसांचा प्लेग असल्याचे, म्हणजे तो खोकल्यातून थेट माणसाकडून माणसाकडे जात असल्याचे, दाखवून दिले होते. मूळ होते तारबागान या केसाळ, बिळात राहणाऱ्या प्राण्याच्या शिकारीत. वू यांनी कापूस व जाळीदार कापडाच्या मुखपट्ट्या वापरायला लावल्या. ती सूचना न मानणारे फ्रेंच डॉक्टर मेनी काही दिवसांतच मरण पावले.

हाडे गोठवणाऱ्या थंडीत धर्मशाळांसारख्या खानावळींत दाटीने राहणाऱ्या मजुरांना माळावर पाठवणे शक्यच नव्हते. म्हणून रोग्यांच्या सहवासात आलेल्यांना वेगळे ठेवण्यासाठी वू यांनी रशियन रेल्वेकडून मालगाडीचे डबे मागून घेतले, आणि बेळगावकडे झोपडी जे काम करीत होती ते हार्बिनमध्ये त्या रुळांवर उभ्या डब्यांनी केले.