औद्योगिक अभियांत्रिकीतील विद्यावाचस्पती पदवी

औद्योगिक अभियांत्रिकी म्हणजे माणूस, यंत्र, द्रव्य व माहिती यांच्या संयुक्त व्यवस्थेची आखणी, मापन आणि सुधारणा करणारे शास्त्र. त्यात स्वतंत्र संशोधनाने नवी भर घालणाऱ्यास विद्यापीठ जी सर्वोच्च पदवी बहाल करते ती विद्यावाचस्पती, अर्थात व्यवहारातील पीएच.डी.

टेलर आणि गिल्ब्रेथ दांपत्य यांच्या हातून हे शास्त्र ज्या अमेरिकेत आकारास आले, तेथे स्नातकासही पुष्कळदा थेट प्रवेश मिळतो. मात्र संभाव्यता, सांख्यिकी, इष्टतमीकरण या विषयांचा कसून अभ्यास, त्यावरील पात्रता परीक्षा, संशोधनाच्या आराखड्यास समितीची मंजुरी आणि अखेरीस प्रबंधाचे तोंडी समर्थन, एवढ्या पायऱ्या चढल्यावाचून त्याची सुटका नसते. यांपैकी पात्रता परीक्षेचा धाक उमेदवारांना सर्वाधिक वाटतो आणि तो यथार्थ आहे, कारण गणिताचा पाया कच्चा असलेला संशोधक कारखान्यातील गुंतागुंतीचे केवळ वर्णन करील, तिची उकल त्याच्याने होणार नाही.

भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीनुसार पदव्युत्तर परीक्षेत सर्वसाधारणपणे ५५ टक्के गुण, किमान १२ श्रेयांकांचा अभ्यासक्रम, दर सहामाहीस संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगतीचे निवेदन, किमान दोन बाह्य परीक्षकांकडून प्रबंधाची तपासणी व मौखिक परीक्षा या मुख्य शर्ती असून मुदत किमान ३ व सामान्यतः कमाल ६ वर्षांची आहे. प्रबंधापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची पूर्वीची सक्ती या नियमावलीने उठविली, हे योग्यच झाले. सक्तीने निबंधांची संख्या वाढते, ज्ञान वाढतेच असे नाही. आयआयटी संस्था आपापल्या सिनेटच्या नियमांनी चालतात. पवईच्या आयआयटीत हा विषय संक्रिया संशोधनाच्या जोडीने शिकविला जातो.

या साऱ्या शर्तींत दोन जाती आहेत, हे विसरता कामा नये : एक दप्तराची, म्हणजे हजेरी, मुदत, शुल्क व दाखले यांची, दुसरी विद्येची, म्हणजे प्रबंधातील नावीन्याची. पहिलीने दुसरीवर मात केल्याचे ठळक उदाहरण या शास्त्राच्या आरंभकाळातच सापडते. लिलियन गिल्ब्रेथ यांनी व्यवस्थापनाच्या मानसशास्त्रावर कॅलिफोर्निया विद्यापीठासाठी प्रबंध लिहिला, तो स्वीकारलाही गेला. परंतु अखेरचे वर्ष विद्यापीठात वास्तव्य केले नाही या कारणाने पदवी रोखण्यात आली. कामगाराचा थकवा, त्याची उमेद आणि त्याची शिकण्याची रीत यांना व्यवस्थापनाच्या विचारात स्थान देणारा तो ग्रंथ १९१४ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला व या शास्त्राच्या मूलभूत साहित्यात गणला गेला. लेखिकेस मात्र अध्यापनातील अपव्यय टाळण्याविषयी दुसरा प्रबंध सिद्ध करावा लागला, आणि त्यावर ब्राउन विद्यापीठाने १९१५ मध्ये त्यांना मानसशास्त्रातील पीएच.डी. दिली.