एरंडाची सीमारेषा

केनिची झेनिमुरा यांची उंची जेमतेम पाच फूट. जन्म हिरोशिमाचा, १९०० सालचा. वाढले हवाईत आणि १९२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोत स्थायिक झाले. तिथल्या जपानी स्थलांतरितांच्या बेसबॉल संघात खेळाडू, प्रशिक्षक, व्यवस्थापक सगळं तेच. १९२७ मध्ये खुद्द बेब रूथ आणि लू गेरिग फ्रेस्नोत प्रदर्शनी सामन्याला आले, तेव्हा झेनिमुराही त्यांच्याबरोबर मैदानात उतरले.

मग दुसरं महायुद्ध आलं.

अमेरिकी सरकारने जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना छावण्यांत डांबलं. झेनिमुरा कुटुंब ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या हिला रिव्हर छावणीत पोचलं. तिथे या गृहस्थांनी काय करावं? थेट बेसबॉलचं मैदान उभारलं. मुलांना हाताशी धरून झुडपं उपटली, दगड वेचले, पाणी वळवून आणलं आणि सीमारेषेवर चक्क एरंड लावला. पाठीमागची जाळी उभारायला लाकूड हवं होतं. ते छावणीच्या काटेरी कुंपणातून, एकाआड एक खांब गुपचूप काढून मिळवलं. सरकारी मालाचा याहून चांगला उपयोग क्वचितच झाला असेल.

एप्रिल १९४५ मध्ये याच मैदानावर छावणीतल्या शाळेच्या पोरांनी राज्यविजेत्या टूसॉन हायस्कूलला ११-१० असं हरवलं. पुढे १९५३ मध्ये झेनिमुरांची दोन मुलं हिरोशिमा कार्पकडून व्यावसायिक बेसबॉल खेळली.