सुरतेतील वलंदाजाची कबर आणि कोचीचे तीन वैद्य

सुरतेचे नाव मराठी माणसाच्या कानी प्रथम पडते ते शिवछत्रपतींच्या चरित्रात. जानेवारी १६६४ आणि पुन्हा ऑक्टोबर १६७० या दोन वेळी महाराजांनी हे मोगलांचे श्रीमंत बंदर लुटले, एवढे शाळकरी मुलासही पाठ असते. आम्हीही तेवढ्याच शिदोरीवर सुरतेस निघालो होतो. निमित्त मात्र इतिहासाचे नव्हते. आमची धाकटी मावशी विवाहानंतर सुरतेस गेली ती तेथेच रमली, आणि वर्षानुवर्षे तिच्या आमंत्रणास आम्ही आज येतो, उद्या येतो असे म्हणत आलो होतो. या हिवाळ्यात एकदाचे मुंबईहून सकाळच्या गाडीत बसलो.

मुंबई-सुरत हा लोहमार्ग आपल्या देशातील जुन्या मार्गांपैकी एक होय. सुरतेच्या बाजूचा पहिला तुकडा १८६० मध्ये सुरू झाला आणि १८६४ च्या अखेरीस गाड्या थेट मुंबईपर्यंत धावू लागल्या. वैतरणेची खाडी ओलांडली की डहाणूच्या चिकूच्या बागा लागतात. पुढे स्थानकांच्या पाट्यांवर गुजराती अक्षरे दिसू लागतात आणि डब्यातील फेरीवाल्याची हाकही बदलते. डाव्या हाताला समुद्र बहुतेक दिसत नाही, पण तो फार दूरही नसतो. या समुद्राशी आमच्या प्रवासाचा काय संबंध होता, हे आम्हांस दुसऱ्या दिवशी उमगले.

मावशीच्या घरी रात्री जेवताना आम्ही दुसऱ्या दिवसाचा बेत सांगितला, तेव्हा ती हसून म्हणाली, "सुरतेक येवन लोक कापडां घेतात आनी तुमी थडगीं पळोवंक वतात!" तिचे म्हणणे खरे होते. परंतु तापीकाठच्या या नगराचा इतिहास वाचावयाचा तर किल्ला, संग्रहालय आणि थडगी या तिघांवाचून गत्यंतर नाही.

किल्ला तापीच्या काठी आहे. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात सुरत जाळली, त्यांच्या धाकाने गुजरातच्या सुलतानाच्या आज्ञेवरून खुदावंदखानाने १५४० नंतर तो बांधविला. महाराज १६६४ साली नगरात शिरले तेव्हा सुभेदार इनायतखान याच किल्ल्यात दडून बसला होता. आता किल्ल्याची डागडुजी होऊन आत दालने मांडली आहेत. शहराचे संग्रहालयही जुने आहे. ते १८९० मध्ये विंचेस्टर नावाच्या कलेक्टराच्या नावाने निघाले आणि पुढे सरदार पटेलांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. हल्ली ते विज्ञानकेंद्राच्या वास्तूत आहे. जरीकाम, चिनी मातीची भांडी, लाकडावरील कोरीव काम यांवर आम्ही तासभर घालविला. तथापि आमचे चित्त कतारगाम दरवाजाकडे लागले होते.

तेथे टोपीकरांची दोन दफनस्थाने आहेत, एक इंग्रजांचे आणि एक वलंदाजांचे. रिक्षावाल्यास प्रथम कळेना. 'मोटा गुंबज' म्हटल्यावर त्याने मान डोलावली. इंग्रजांकडील सर्वांत मोठी वास्तू ऑक्झेन्डन बंधूंची. यांतील जॉर्ज ऑक्झेन्डन हा १६६४ च्या स्वारीच्या वेळी इंग्रज वखारीचा मुख्य होता. तो १६६९ मध्ये वारला. त्याच्या कबरीस मागे टाकावे या ईर्ष्येने वलंदाजांनी आपल्या एका सरदाराची कबर अधिक भव्य बांधली, असे सांगतात. दुमजली, अष्टकोनी, खांबांच्या सज्जांची आणि वर घुमट असलेली ही वास्तू दुरून एखाद्या मुसलमान अमिराचा मकबरा भासते. जुन्या वर्णनांत तिच्या आतील चित्रांचा आणि खिडक्यांच्या नक्षीचा उल्लेख येतो. आज भिंती उघड्या आहेत आणि कबुतरांचा वावर आहे. ही कबर हेन्ड्रिक आड्रियान फान रेडे याची. तो १५ डिसेंबर १६९१ रोजी कोचीहून सुरतेस येताना मुंबईच्या किनाऱ्यानजीक जहाजावर मरण पावला. त्याचा देह सुरतेस आणून येथे पुरला. आदल्या दिवशी आमची गाडी ज्या किनाऱ्याच्या कडेने आली, त्याच किनाऱ्याबाहेरून हे प्रेत सुरतेस आले होते.

आता वाचक विचारतील की या वलंदाजाशी आपले काय नाते? सांगतो.

फान रेडे १६७० ते १६७७ या काळात वलंदाज कंपनीचा मलबारचा अधिकारी होता व कोचीस राहत असे. कंपनी मिऱ्यांच्या व्यापारासाठी आली होती आणि त्या व्यापारात तिने मलबारच्या राजांना व शेतकऱ्यांना जेरीस आणले, हे विसरता येत नाही. पण या अधिकाऱ्यास झाडापाल्याचा नाद होता. युरोपातून जहाजांनी येणारी औषधे वाटेतच निःसत्त्व होतात आणि त्यांपैकी कित्येक तर मुळात याच देशात उगवलेली असतात, हे त्याच्या ध्यानात आले. मग त्याने माणसे रानात धाडून वनस्पती आणविल्या, चित्रकारांकडून ताज्या फांद्यांची चित्रे काढविली आणि स्थानिक वैद्यांकडून नावे व गुण लिहून घेतले. यातून 'होर्तुस मलबारिकुस' म्हणजे 'मलबारचा बगिचा' हा लॅटिन ग्रंथ सिद्ध झाला. त्याचे बारा खंड १६७८ ते १६९३ या काळात आम्स्टरडॅम येथे निघाले. शेवटचा खंड छापला गेला तेव्हा कर्ता सुरतेच्या मातीत निजलेला होता. ७४० हून अधिक वनस्पतींचे वर्णन त्यात आहे. आरंभ माडापासून होतो, हे कोंकणी माणसास विशेष गोड वाटेल. पुढे लिनियसने १७५३ मध्ये वनस्पतींची शास्त्रीय नावे निश्चित केली, तेव्हा आशियातील वनस्पतींसाठी त्याने या ग्रंथाचा मोठा आधार घेतला.

पहिल्या खंडाच्या आरंभी काही साक्षपत्रे छापली आहेत. त्यांतील एक नागरी अक्षरांत आहे आणि त्याची भाषा कोंकणी आहे. खाली नावे तीन : रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट. काळ एप्रिल १६७५. दोन वर्षे सकाळ-संध्याकाळ आपण निघंटूच्या आधारे झाडे, वेली, फुले, फळे यांची नावे व गुण सांगितले, अशा आशयाचे ते पत्र आहे. नागरी टाइप त्या काळी आम्स्टरडॅमला नव्हता. म्हणून कोरक्याने ती अक्षरे न समजता जशीच्या तशी तांब्याच्या पत्र्यावर कोरली. नागरी लिपीत छापलेल्या कोंकणीचा सर्वांत जुना नमुना म्हणून हेच पान सांगितले जाते. आधी छापलेली कोंकणी होती, पण ती रोमन लिपीतील. थॉमस स्टीफन्सचे प्रश्नोत्तरांचे पुस्तक १६२२ चे आहे.

हे तिघे कोचीस कसे पोचले? त्याचे उत्तर आपल्या देवळांच्या इतिहासात आहे. १५६० मध्ये गोव्यात धर्मसमीक्षणसभा बसली. त्याच साली श्रीमंगेशाचे लिंग कुशस्थळीहून खाडीपार प्रियोळास नेले गेले. १५६७ मध्ये साष्टीतील देवळे पाडली गेली. त्या शतकात कित्येक कुटुंबे जलमार्गाने व खुष्कीने दक्षिणेकडे गेली आणि त्यांपैकी कोचीस स्थिरावलेल्यांनी तेथे व्यापार मांडला, तिरुमल देवस्थान उभारले. ज्यांच्या जाचाने ही मंडळी निघाली त्यांची भाषा मात्र त्यांच्याबरोबर राहिली. वैद्य व कंपनी यांच्यामधील दुवा पोर्तुगीजच होती. जे सांगितले गेले ते प्रथम पोर्तुगीज भाषेत उतरविले जाई आणि मग लॅटिनमध्ये जाई.

येथे आम्हांस गोव्याच्या एका जुन्या ग्रंथकाराची आठवण होते. गार्सिया द ओर्ता याचे आईबाप स्पेनमधील यहुदी. १४९२ मध्ये स्पेनच्या राजाराणीने यहुद्यांना हाकलले तेव्हा ते पोर्तुगालात आले. मुलगा वैद्य होऊन गोव्यास पोचला आणि १५६३ मध्ये त्याने येथील औषधींवर संवादरूप ग्रंथ छापला. त्यात मालुपा नावाचा एक हिंदू वैद्यही बोलतो. ओर्ता १५६८ मध्ये वारला. दुसऱ्याच वर्षी त्याच्या बहिणीस गोव्यात जिवंत जाळले आणि १५८० मध्ये त्याची हाडे उकरून जाळण्यात आली. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याने आपला वैद्य हेर्नांदेस यास मेक्सिकोच्या वनस्पतींसाठी पाठविले होते. त्याच्या हस्तलिखितांचा मोठा भाग एस्कोरियालच्या प्रासादात १६७१ च्या आगीत भस्मसात झाला. हे वाचले की कोचीचे एक कोंकणी पान टिकले याचे मोल कळते. आणखी एक योगायोग असा की होर्तुसच्या पहिल्या भागांचे लॅटिन ज्याने सजविले तो पाद्री कासेआरिउस तरुणपणी स्पिनोझाचा विद्यार्थी होता, आणि स्पिनोझाचे घराणेही पोर्तुगालातून धर्मच्छळामुळेच बाहेर पडलेले.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण आमच्या मंडळींच्या सभांतून ती बहुधा वगळली जाते. रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट यांचा गौरव करताना आम्ही जणू संपूर्ण ग्रंथ त्यांचाच असल्याप्रमाणे बोलतो. तसे नाही. त्याच एप्रिल महिन्यातील दुसरे साक्षपत्र इट्टी अच्युतन् या मलयाळी वैद्याचे आहे. तो ईळव जातीचा, करप्पुरम् येथील कडक्करप्पळ्ळीचा. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या ग्रंथांतून व स्वतःच्या अनुभवातून आपण वनस्पतींची माहिती सांगितली, असे तो लिहितो. ग्रंथातील प्रकरणांची मुख्य नावे मलयाळी आहेत. माडाचे प्रकरण 'तेंगा' या नावाने येते. आमच्या वैद्यांनी निघंटूतील ज्ञान आणि कोंकणी नावे दिली, ती पहिल्या खंडांच्या चित्रांवर नागरीत कोरलेली दिसतात. परंतु ज्या रानातून त्या वनस्पती आल्या त्या रानाचे ज्ञान प्रामुख्याने अच्युतनाचे होते. केरळातील वनस्पतिशास्त्रज्ञ के. एस. मणिलाल यांनी आपल्या आयुष्याची कित्येक दशके या ग्रंथास वाहिली. त्यांचे इंग्रजी भाषांतर २००३ मध्ये व मलयाळी भाषांतर २००८ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि अच्युतनाचे श्रेय त्यांच्यामुळे लोकांपुढे आले. त्या काळी ईळव वैद्यास ब्राह्मणांच्या पंक्तीस बसता येत नसे. साक्षपत्रेही वेगळ्या कागदांवर झाली. परक्या वलंदाजाच्या ग्रंथात मात्र ती एकापाठोपाठ छापली गेली. आपल्या मुलांना पहिली तीन नावे शिकवावयाची आणि चौथे सांगावयाचे नाही, हे आम्हांस तरी पटत नाही.

फान रेडेने आपल्या प्रस्तावनेत या वैद्यांच्या वादपद्धतीची वाखाणणी केली आहे. एखाद्या वनस्पतीविषयी मतभेद झाला की ते जुने श्लोक म्हणून दाखवीत आणि न रागावता आपापली बाजू मांडीत, असे त्याने लिहिले आहे. आजच्या आमच्या देवस्थानांच्या वार्षिक सभा पाहता हे वाचून थोडे कानकोंडे व्हावे लागते, एवढेच येथे म्हणतो.

होर्तुसचा पहिला खंड निघाल्यास सहा वर्षे झाली होती. १६८४ मध्ये गोव्याच्या आल्व्होर या व्हाइसरॉयने आज्ञापत्र काढले की गोमंतकीयांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. आम्स्टरडॅममध्ये कोंकणी अक्षरे तांब्यावर कोरली जातात आणि मांडवीच्या तीरी तीच भाषा तोंडातून काढून टाकण्याचा हुकूम निघतो, हे एकाच दशकात घडले.

दुपारी आम्ही कबरीच्या पायरीवर बराच वेळ बसून होतो. फ्रेंच प्रवासी बर्निए याने १६६४ च्या लुटीविषयी लिहिताना एक गोष्ट नोंदली आहे. वलंदाजांच्या एका दिवंगत हिंदू दलालाचे घर, तो मोठा दानशूर होता असे कळल्यावरून, शिवाजी महाराजांनी वाचविले. आमच्या मनात सुरतेचे चित्र लुटीचेच होते. या नगरात आपल्या भाषेच्या एका जुन्या पानाचा धनी पुरलेला असेल, अशी कल्पनाही नव्हती. कबरीवरील फलकावर वलंदाज सरदाराचे नाव आहे. वैद्यांची नावे तेथे नाहीत, आणि असण्याचे कारणही नाही.

संध्याकाळी घरी परतल्यावर मावशीने पायांवर पाणी घातले आणि चहा ठेवला. आम्ही सारी हकीकत सांगितली. ती निमूट ऐकत होती. मग म्हणाली, "तांचीं नांवां परत सांग पळोवया." आम्ही सांगितली : रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट. "आनी तो मलयाळी?" आम्ही म्हणालो, इट्टी अच्युतन्. तिने देवघरातील पंचांग काढले, त्याच्या मागच्या कोऱ्या पानावर चारही नावे नागरीत लिहून घेतली आणि पंचांग जागेवर ठेवून दिवा लावावयास उठली.