जुनें कार्ड आणि नवें यंत्र

पितळेच्या भांड्यांकरितां प्रसिद्ध असलेला भंडारा जिल्हा, ज्यांत १ मे १९९९ पर्यंत गोंदियाही मोडत असे, राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राच्या उपग्रह-जाळ्यानें दिल्लीशीं जोडला गेला. परंतु कचेरींतलें यंत्र दिल्लीशीं बोलूं लागलें, म्हणून शेजारच्या दोन टेबलांवरचीं यंत्रें एकमेकांशीं बोलतीलच असें नव्हे. त्या कामाला नेटवर्क कार्ड लागतें.

१९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस नॉव्हेल या अमेरिकन कंपनीनें एनई-२००० नांवाचें स्वस्त कार्ड बाजारांत आणलें. त्याच्या नकला इतक्या निघाल्या कीं नांव नॉव्हेलचें आणि माल भलत्याचाच, अशी स्थिति झाली. पुढें १९९१ सालीं हेलसिंकीच्या लिनस टोर्वाल्ड्स या विद्यार्थ्यानें युनिक्सच्या धर्तीवर लिनक्स रचण्यास आरंभ केला. या नवख्या प्रणालीसाठीं ड्रायव्हर लिहून देण्याची कार्डवाल्यांना काय गरज? तें काम डोनाल्ड बेकर यानें १९९२ ते १९९४ या काळांत अंगावर घेतलें.

अडचण अशी कीं, जुनें कार्ड आपला पत्ता स्वतः सांगत नसे. ३००, २८०, ३२० अशीं षोडशमान पद्धतीचीं दारें एकामागून एक ठोठावून पाहावीं लागत. आणि एखाद्या दारामागें दुसरेंच कार्ड बसलेलें असलें तर सारें यंत्रच गोठून जाई! म्हणून पुढें ड्रायव्हर निराळा चढवितांना पत्ता वापरणारानेंच सांगावा, असा दंडक झाला. पत्ता सांपडल्यावर ओळख पटविण्याचें काम उरे. शून्यापासून मोजतां चौदाव्या व पंधराव्या स्थानीं ५७ हा षोडशमान आंकडा दिसला कीं कार्ड एनई-२००० च्या जातीचें ठरे. कांहीं नकलांत ही खूणही नसे. बेकरनें त्यांना झिडकारलें नाहीं. त्यांच्या ठराविक अंकांवरून त्या ओळखतां याव्यात म्हणून ड्रायव्हरमध्येंच त्यांची एक यादी ठेवली व तिला ‘वाईट नकला’ अशा अर्थाचें नांव दिलें. ज्याला नवें कार्ड घेणें परवडत नव्हतें, त्याच्यावर हे मोठेच उपकार होत.

इंटरप्टचा तंटा वेगळाच. तिसरी तार बहुधा दुसऱ्या सीरियल पोर्टचीही असे. तेथें मोडेम लावला कीं भांडण ठेवलेलें. यावर तोड अशी कीं, ड्रायव्हर कार्डाकडूनच एकदां घंटा वाजवून घेई आणि कोणती तार वाजली तें पाही.

ज्या ३८६ यंत्रावर लिनक्स जन्मलें, त्या ३८६ चा आधार डिसेंबर २०१२ मध्यें काढून घेण्यांत आला. एनई-२००० चा ड्रायव्हर मात्र त्या वेळीं तसाच राहिला.