हिंकलीचा वणवा, १८९४ : धुराची सवय झालेले गाव

१/ शनिवार, १ सप्टेंबर १८९४. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील हिंकली या हजार-बाराशे वस्तीच्या गावावर सकाळपासून धूर दाटला होता. तरीही गाव हलले नाही. सायंकाळी तेथे गाव म्हणावे असे काही शिल्लक नव्हते. धोका नजरेसमोर असताना माणसे का थांबली, आणि जी निघाली ती कशी वाचली, याचा हा वृत्तान्त.

२/ हिंकली हे लाकडावर उभे राहिलेले गाव. भोवती पांढऱ्या पाइनचे विस्तीर्ण अरण्य, गावात ब्रेनन लंबर कंपनीची मोठी लाकूडगिरणी, आणि येथेच एकमेकांना छेदणारे दोन रेल्वेमार्ग. घरे लाकडाची, पदपथ लाकडाचे, गिरणीच्या आवारात कापलेल्या फळ्यांच्या राशी.

३/ त्या काळातील वृक्षतोडीची रीत पुढील अनर्थाच्या मुळाशी आहे. विकला जाई तो फक्त सरळ, जाड बुंधा. शेंडे, फांद्या आणि साली जागेवरच टाकून तोडणारे पुढच्या रानाकडे सरकत. वर्षानुवर्षे मैलोगणती पसरलेला हा काटक्यांचा थर १८९४ च्या अवर्षणात वाळून कोळ झाला होता.

४/ ठिणग्यांनाही तोटा नव्हता. नवे वसाहतवाले शेतजमीन मोकळी करण्यासाठी झुडपे जाळत. कोळशाच्या आणि लाकडाच्या इंजिनांतून उडणारे निखारे रुळांकाठचे गवत पेटवत. त्या उन्हाळ्यात लहानमोठ्या आगी आठवडेच्या आठवडे धुमसत होत्या. धूर हा रोजच्या हवेचाच भाग झाला. जी खूण रोज दिसते, ती इशारा म्हणून उरत नाही.

५/ १ सप्टेंबरला गावाच्या दक्षिणेकडील दोन आगी वाऱ्याने एकत्र आल्या. वर उष्ण हवेचा थर झाकणासारखा पसरला होता आणि त्याखाली थंड हवा व धूर कोंडला होता. ज्वाळांनी ते झाकण भेदताच उष्णता वेगाने वर झेपावली आणि रिकाम्या जागी चारी बाजूंनी वारा धावून आला. वणव्याचे अग्निवादळ झाले. ते स्वतःचा वारा स्वतःच निर्माण करते, म्हणून त्याच्यापुढे धावून सुटका होत नाही.

६/ गावातील स्वयंसेवकांनी बंब बाहेर काढून दक्षिण सीमेवर पाण्याचा मारा सुरू केला. पण निखारे त्यांच्या डोक्यावरून उडून मागच्या घरांवर पडू लागले. दुपारी साडेतीन-चारच्या सुमारास लढाई सोडून पळण्यावाचून मार्ग उरला नाही. गाव रिकामे करण्याची कोणतीही योजना नव्हती. ज्याला जी दिशा सुचली, ती त्याची वाट ठरली.

७/ पहिली वाट : ईस्टर्न मिनेसोटा रेल्वे. स्थानकात एडवर्ड बॅरी याची मालगाडी आणि विल्यम बेस्ट याची प्रवासी गाडी उभी होती. दोन्ही जोडून एक गाडी करण्यात आली. बॅरी निघण्याची घाई करत होता, पण बेस्टने ब्रेक धरून ठेवले आणि धावत येणाऱ्यांना चढू दिले. सुमारे ५०० माणसे घेऊन गाडी उत्तरेला निघाली.

८/ वाटेत सँडस्टोन गावी गाडी थोडा वेळ थांबली. तेथील लोकांना चढण्याची विनवणी झाली, पण फारच थोडे चढले. पुढे केटल नदीवरचा उंच पूल धुमसत होता. गाडी पार झाली आणि काही मिनिटांतच पूल कोसळला. त्यानंतर सँडस्टोनही जळाले. तेथे वाचलेल्यांपैकी अनेकांना केटल नदीच्या पाण्याने आसरा दिला.

९/ दुसरी वाट : सेंट पॉल अँड डुलुथ रेल्वे. डुलुथहून येणाऱ्या गाडीचा चालक जेम्स रूट याला हिंकलीच्या अलीकडेच पळत येणारे गावकरी भेटले. त्यांना डब्यांत घेऊन त्याने गाडी उलटी हाकली. इंजिनाच्या काचा फुटून तो रक्तबंबाळ झाला. फायरमन जॉन मॅकगोवन त्याच्यावर पाणी ओतत राहिला. डब्यांत जॉन ब्लेअर हा कृष्णवर्णीय पोर्टर प्रवाशांना पाणी पुरवत आणि धीर देत होता. काही मैल मागे स्कंक लेक नावाचे गुडघाभर पाण्याचे, चिखलाचे तळे होते. गाडी जळाली, तळ्यात उतरलेले सुमारे ३०० जण वाचले.

१०/ ज्यांना गाडी मिळाली नाही, त्यांचे नशीब जमिनीच्या उंचसखलपणावर ठरले. रेल्वेसाठी खडी काढलेल्या खाणीत पाणी साचले होते. तेथे सुमारे १०० जण तगले. ग्राइंडस्टोन नदीपलीकडच्या दलदलीकडे धावलेले १२७ जण मात्र तेथेच गेले. ती दलदल अवर्षणाने आटली होती. तारमास्तर थॉमस डन शेवटपर्यंत यंत्रापाशी राहिला. तोही वाचला नाही.

११/ सुमारे चार तासांत अडीच लाख एकरांहून अधिक प्रदेश जळाला. अधिकृत मृतसंख्या ४१८. रानातील लाकूडतोडे आणि ओजिब्वे आदिवासी यांची पुरती मोजदाद झालीच नाही. हिंकलीच्या दफनभूमीत २४८ जणांना चार लांब चरांत एकत्र पुरण्यात आले. १९०० साली तेथे ग्रॅनाइटचा स्मारकस्तंभ उभा राहिला.

१२/ या घटनेच्या अवघे काही दिवस आधी, ऑगस्ट १८९४ मध्ये, क्रिस्टोफर कोलंबस अँड्र्यूज यांनी ब्रुकलिन येथील वनविषयक परिषदेत वणवे रोखण्यावर निबंध वाचला होता. स्वीडनमध्ये अमेरिकेचे राजदूत असताना त्यांनी तेथील वनव्यवस्था जवळून पाहिली होती. हिंकलीनंतर त्यांचे म्हणणे ऐकले गेले. १८९५ मध्ये मिनेसोटाने वणवा प्रतिबंधाचा कायदा केला आणि अँड्र्यूज हे राज्याचे पहिले मुख्य वणवा-अधिकारी झाले.

१३/ कायदा झाला, पण पैसा आणि माणसे तुटपुंजी राहिली. १२ ऑक्टोबर १९१८ रोजी त्याच राज्यात क्लोकेचा वणवा भडकला. रुळांवरच्या ठिणग्या या वेळीही दोषी होत्या, आणि क्लोके शहरातील हजारो लोकांना वेळेवर बाहेर नेणाऱ्याही आगगाड्याच होत्या. शहरात मोजकेच मृत्यू झाले. एकूण बळी मात्र ४५३. त्यांतील बहुतेक रुळांपासून दूर, मूज लेकच्या परिसरातील शेतवस्त्यांत होते. त्यांच्या दाराशी कोणतीही गाडी येणार नव्हती.

१४/ हिंकलीची आठवण बहुधा रूट आणि बेस्ट यांच्या शौर्यासाठी काढली जाते, आणि ते शौर्य खरेच आहे. परंतु त्या दुपारी काही माणसांना असामान्य धैर्य दाखवावे लागले, कारण आधीच्या अनेक वर्षांत साधी कामे कोणी केली नव्हती : तोडीचा कचरा उचलणे, इंजिनांवर ठिणगीरोधक जाळ्या बसवणे, आणि धूर दिसताच कोणी कोठे जायचे हे ठरवून ठेवणे.

(समाप्त)