सातू गेला, नाव राहिलं

मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीला आमच्या एक काकू ओट्सचं पाकीट घेऊन आल्या. तपासणीत साखर निघाली म्हणून लेकीनं पुण्याहून पाठवलेलं. "आता भाकरी बंद करून हेच खायचं का गं?" त्यांनी विचारलं. मला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. आज देते, पण जरा लांबून सुरुवात करते.

ओट आपल्याला अगदीच परका नाही. दुभत्या जनावरांना हिरवा चारा म्हणून तो आपल्याकडे पेरतात. पण दाण्यात गुण आहे, हे खरं. त्यात बीटा-ग्लुकन नावाचा तंतू असतो. ग्लुकोजचे कण एकापुढे एक जोडून झालेली ही लांब साखळी. मात्र जोड असे की आपल्या आतड्याला ते तुटत नाहीत. पाण्यात हा तंतू भिजवलेल्या सब्जासारखा बुळबुळीत होतो. त्यामुळे जेवणातली साखर रक्तात सावकाश उतरते. शिवाय तो पित्तातली आम्लं धरून बाहेर नेतो, मग नवं पित्त करायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. त्यासाठी दिवसाला साधारण 3 ग्रॅम बीटा-ग्लुकन पोटात जावं लागतं, म्हणजे जवळजवळ पाऊण वाटी नव्हे, चांगले 75 ग्रॅम ओट्स. चमचाभर दुधात टाकून काही होत नाही.

आता गंमत ऐका. हाच तंतू सातूत, म्हणजे जवात, ओटाइतकाच किंवा थोडा जास्तच असतो. आणि सातू आपल्या खोऱ्यातलाच! शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. घोड भीमेला मिळते आणि ते पाणी पुढे आपल्या उजनीत येतं. तिथं 1968 पासून डेक्कन कॉलेजच्या लोकांनी बरीच वर्षं उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांत जळके दाणे सापडले. तिथलं मुख्य धान्य होतं सातू. त्या काळच्या बायांनी तो कांडला असेल, दळला असेल.

पुढे ज्वारी आली, मूळची आफ्रिकेची, आणि आपल्या काळ्या रानात अशी रुजली की सातू मागे पडला. आज आपण उन्हाळ्यात सातूचं पीठ कालवतो, त्यात गहू आणि डाळं असतं. सातूचा दाणाही नसतो, नाव तेवढं राहिलंय.

ज्वारीत बीटा-ग्लुकन फार नाही, हे मी लपवत नाही. पण तिच्या दाण्यातला स्टार्च प्रथिनांच्या जाळ्यात अडकलेला असतो, म्हणून तो हळू पचतो. कोंड्यात फेरुलिक आम्लासारखी द्रव्यं असतात, ती पेशींची झीज रोखायला मदत करतात असं मानतात. पीठ बारीक चाळणीनं चाळलं की ती कोंड्याबरोबर जातात. आपली मालदांडी 35-1 तर मोहोळच्या केंद्रात, इथल्याच वाणातून निवडलेली. 1980 साली धरण पुरं झालं, पाणी आलं, ऊस आला. ज्यांची गावं पाण्याखाली गेली त्यांची शाळूची रानंही गेली. ज्यांची उरली त्यांनी त्यात ऊस लावला. उसानं पैसा दिला, त्याला नावं कशी ठेवू? पण घरची ज्वारी गेली आणि भाकरीचं पीठ विकत आलं.

तर काकू, भाकरी बंद करू नका, पण चारच्या दोन करा आणि सोबत डाळ-भाजी वाढवा. ओट्स खायचे तर साधे घ्या, मसाल्याच्या पाकिटात मीठ फार असतं, गोड पाकिटात साखर. गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडायची नाही.

उसाला पाणी पाजून पाजून आपल्या काही पट्ट्या खारवट झाल्यात, तिथं दुसरं धान्य धड येत नाही. सातू खार बराच सोसतो. आमच्या गटातल्या दोघींनी या रब्बीत बांधाकडेच्या दोन-दोन गुंठ्यांत तो पेरायचं ठरवलंय. बी शोधायचं काम माझ्याकडे आलंय.