गाण्याचा धनी कोण?

२७ सप्टेंबर १९०३ रोजी अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात, डॅनव्हिल गावाजवळ, टपाल वाहून नेणारी एक जलद आगगाडी लाकडी पुलावरून खाली कोसळली. गाडीचा क्रमांक होता ९७. मनरो स्थानकावर ती आधीच उशिरा पोचली होती. तेथे चालक बदलला, आणि नवा चालक जोसेफ ब्रॉडी गेलेला वेळ भरून काढण्याच्या घाईत उतारावरून भरधाव निघाला. वळणावरील पुलाशी गाडी रुळांवर ठरली नाही. ब्रॉडीसह अकरा माणसे प्राणास मुकली. वृत्तपत्रांच्या लेखी प्रकरण तेथे संपले; परंतु आसपासच्या कापडगिरण्यांत आणि डोंगरातल्या वस्त्यांत ही हकीकत गाण्याच्या रूपाने मागे राहिली. गाण्याची चालही नवी नव्हती. परत न आलेल्या एका जहाजावर हेन्री क्ले वर्क ह्या संगीतकाराने १८६५ साली जे गीत रचले होते, त्याच्याच चालीत कोणी तरी ही आगगाडी नेऊन बसविली. मग ज्याने ते ऐकले त्याने एखादे कडवे वाढविले, एखादे गाळले.

हे असेच चालत राहिले असते, तर ह्या गाण्याचा धनी कोण, हा प्रश्न कोणी विचारलाच नसता. परंतु १९२३च्या अखेरीस हेन्री व्हिटर नावाच्या गिरणीकामगाराने ते ध्वनिमुद्रित केले. आणि १९२४ साली व्हर्नन डलहार्ट ह्या, खरे तर हलक्याफुलक्या संगीतिकांत गाणाऱ्या, शिकलेल्या आवाजाच्या गायकाने ते व्हिक्टर कंपनीसाठी गायिले. तबकडीच्या दुसऱ्या अंगास एका कैद्याचे गाणे होते. ह्या तबकडीच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. इतका पैसा दिसू लागल्यावर जनकही दिसू लागले. १९२७ साली त्याच भागातील डेव्हिड ग्रेव्हज जॉर्ज नावाच्या गृहस्थाने हे गाणे आपण अपघातानंतर लगेच रचले असा दावा केला. १९३३ साली खालच्या न्यायालयाने तो मान्य केला; पुढल्याच वर्षी अपील न्यायालयाने तो फेटाळला. जॉर्जने पुरावा म्हणून पुढे केलेली प्रत तबकडीवरून उतरवून घेतलेली आहे, असे त्या न्यायालयाचे मत पडले. मग अपील मुदतीत झाले नव्हते म्हणून सर्वोच्च न्यायालयाने पारडे पुन्हा जॉर्जकडे झुकविले, आणि नुकसानभरपाईचा आकडा ६५ हजार डॉलरांच्या घरात गेला. शेवटी १९३९ साली अपील न्यायालयाने तोही निकाल फिरविला आणि १९४० साली सर्वोच्च न्यायालयाने अधिक सुनावणी नाकारली. जॉर्जच्या हाती काही पडले नाही. तेरा वर्षे न्यायमूर्ती शोधीत होते तो एक रचणारा माणूस. आणि ते गाणे तर अनेकांनी मिळून रचलेले होते.

ह्या खटल्याच्या मुळाशी १९०९ सालचा अमेरिकन कायदा आहे. यांत्रिक पियानो ज्या भोके पाडलेल्या कागदी गुंडाळ्यांवर चाले, त्या गुंडाळ्या म्हणजे गीताची प्रत नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९०८ साली दिला होता. त्यावर उपाय म्हणून पुढल्या वर्षी कायद्याने असे ठरविले की, यंत्रासाठी तयार होणाऱ्या प्रत्येक प्रतीमागे गीताच्या स्वामित्वहक्काच्या धन्यास दोन सेंट मिळावेत. दोन सेंट ही रक्कम क्षुल्लक दिसते. दहा लाख प्रतींमागे तीच वीस हजार डॉलर होते. मात्र हक्क होता गीतावर, गाण्यावर नव्हे. ज्याचा कंठ तबकडीत उतरला त्या गायकास कायद्याने काहीच दिले नव्हते. आणि जे गीत जुने, सर्वांचे, त्याच्या नावावर कोणासच दोन सेंट मिळत नसत.

ह्या दोन सेंटांचे मोल ज्याला सर्वांआधी उमगले तो राल्फ पीअर. १९२३च्या जून महिन्यात अटलांटा येथे त्याने फिडलवाला जॉन कार्सन ह्याचे गाणे मुद्रित केले ते तेथील एका विक्रेत्याच्या आग्रहावरून. पीअरला स्वतःला ते गाणे अगदी टाकाऊ वाटले होते. विक्रेत्याने मागविलेल्या पाचशे प्रती हातोहात संपल्या. शहरातील संगीतव्यवसायाला ह्या गाण्यांत काय आहे ते कळत नव्हते, आणि ते कळण्यासारखे त्याच्या कानाला काही शिकविलेलेही नव्हते. ज्यांनी ती विकत घेतली ती माणसे डोंगरातील शेती सोडून गिरणीत आली होती. घर, आई, आगगाडी, तुरुंग, अकाली मेलेले मूल हे त्यांच्या गाण्याचे विषय, गळा अनघड, साथीला फिडल, बँजो किंवा गिटार. ऐकणाऱ्याला वाटे, हे आपण पूर्वी कधी तरी ऐकले आहे. ह्या संगीताच्या गोडीचे मर्म बहुधा ह्या ओळखीतच आहे. आणि कायद्याची नोंदवही तर मागत होती ती नवेपणाची खूण.

पीअरने ह्यातून वाट काढली. व्हिक्टर कंपनीकडे जाताना त्याने पगाराऐवजी मुद्रित गीतांच्या प्रकाशनाचे हक्क मागून घेतले. गायकाला दर गाण्यामागे पन्नास डॉलर रोख आणि स्वामित्वशुल्कात काही वाटा. अट एवढीच की, गाणे स्वतःचे असावे, निदान पूर्वी कोणी नोंदविलेले नसावे. १९२७ साली २५ जुलै ते ५ ऑगस्ट ह्या दिवसांत तो ब्रिस्टल येथे यंत्रे घेऊन बसला. ह्या गावाचा मुख्य रस्ता हीच टेनेसी आणि व्हर्जिनिया ह्या दोन राज्यांची सीमा. आरंभी फारसे कोणी फिरकले नाही. मग स्थानिक पत्राने छापले की, अर्नेस्ट स्टोनमन ह्या गायकाला मागल्या वर्षी ३६०० डॉलर स्वामित्वशुल्क मिळाले, आणि लोकांची रीघ लागली. त्या बारा दिवसांत १९ गायकांनी व मेळ्यांनी मिळून ७६ मुद्रणे केली. १ व २ ऑगस्टला कार्टर कुटुंबाने सहा गाणी गायिली आणि ४ तारखेला जिमी रॉजर्स नावाच्या, रेल्वेत नोकरी केलेल्या क्षयी तरुणाने दोन. ह्या दोन नावांवर पुढल्या सगळ्या कंट्री संगीताची इमारत उभी राहिली.

रॉजर्सजवळ जुन्या गाण्यांचा साठा थोडा होता. पीअरची मागणी पुरविण्यासाठी त्याला नवी गाणी रचावी लागली, आणि त्या कामी त्याची मेहुणी एल्सी मॅकविल्यम्स हिने मोठी मदत केली. कंट्री संगीतात गायकाने स्वतःच गीत रचण्याची जी रूढी पुढे पडली, तिची मुळे ह्या अटीत सापडतात, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. कायद्याने ह्या संगीताची मिळकत वाटली एवढेच नव्हे, तर त्याचे रूपही थोडे बदलले.

कार्टरांची गोष्ट निराळी. ए. पी. कार्टर हा गाणी वेचीत घरोघर फिरे. पत्नी सारा आणि भावजय मेबेल ह्यांच्या कंठातून व गिटारीतून ती तबकडीवर जात आणि नोंद त्याच्या नावे होई. ह्यांतील काही गीतांचे रचनाकार ठाऊक होते. त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध गाण्यांपैकी एक तर १८९९ सालचे छापील भक्तिगीत आहे. अभंगाच्या शेवटी जशी कवीची नाममुद्रा असते तशी ह्या गीतांत नसे, त्यामुळे नाव गळून पडायला वेळ लागत नसे. १९२८पासून ह्या भटकंतीत त्याच्यासोबत लेस्ली रिडल हा कृष्णवर्णीय गिटारवादक असे. अपघातात त्याचा एक पाय गेला होता. कार्टर शब्द उतरवून घेई. चाल रिडल ध्यानात ठेवी. कार्टरला चाली लक्षात राहत नसत. ज्या काळी दक्षिणेत काळ्या-गोऱ्यांनी एका पंक्तीस बसणे निषिद्ध होते, त्या काळी ही जोडी एकत्र हिंडली, ह्याचे श्रेय दोघांनाही आहे. तथापि नोंदीत रिडलचे नाव आले नाही. १९६५ साली माइक सीगर ह्या संग्राहकाने त्याला शोधून काढले, तेव्हा त्याने गाणे जवळजवळ सोडून दिले होते. जॉर्जचा खोटा दावा ऐकायला तीन पायऱ्यांची न्यायालये बसली. रिडलच्या स्मरणशक्तीसाठी अर्जाचा नमुनाच नव्हता.

तरीही पीअरला केवळ लुटारू ठरविणे न्यायाचे होणार नाही. त्याच्यापूर्वी ह्या गायकांना काहीच मिळत नव्हते. न्यूयॉर्कमध्ये १९१४ साली स्थापन झालेला गीतकार-संगीतकार-प्रकाशकांचा संघ, ‘ॲस्कॅप’, आपल्या सभासदांच्या गाण्यांसाठी नाटकगृहे व नभोवाणी ह्यांच्याकडून पैसे वसूल करी. पण डोंगरी गाणी रचणाऱ्यांना त्याचे दार बहुधा बंदच असे. दार उघडले ते भलत्याच कारणाने. संघाने दर फार वाढविले, तेव्हा नभोवाणी-कंपन्यांनी १९३९ साली ‘बी.एम.आय.’ ही स्वतःची संस्था काढली, आणि १ जानेवारी १९४१पासून दहा महिने ॲस्कॅपची गाणी प्रमुख केंद्रांवरून हद्दपार झाली. मग लावायचे काय? १८६४ साली वारलेल्या स्टीफन फॉस्टरची गाणी उठता-बसता वाजू लागली. त्यांवर कोणाचाच हक्क उरला नव्हता. नव्या संस्थेला गाणी हवी होती, म्हणून तिने उपेक्षितांना जवळ केले. पुढल्याच वर्षी नॅशव्हिल येथे रॉय अकफ आणि फ्रेड रोझ ह्यांनी आपली प्रकाशनसंस्था काढली.

हे वैर लवकर शमले नाही. १९५८ साली अमेरिकन सेनेटच्या समितीपुढे, नभोवाणी-कंपन्यांनी बी.एम.आय.मधून अंग काढून घ्यावे अशा विधेयकावर साक्षी झाल्या. व्हान्स पॅकार्ड ह्या लेखकाने असे संगीत लोकांच्या माथी मारले जात आहे, असे सांगितले. तेव्हा टेनेसीचे गव्हर्नर फ्रँक क्लेमंट आपल्या प्रदेशाच्या गाण्याची बाजू मांडावयास स्वतः समितीपुढे उभे राहिले. विधेयक संमत झाले नाही.

गाणाऱ्याच्या आवाजाची दाद मात्र फार उशिरा लागली. ध्वनिमुद्रणाला संघराज्याच्या कायद्याचे संरक्षण मिळाले ते १५ फेब्रुवारी १९७२पासून पुढे होणाऱ्या मुद्रणांना. त्याआधीच्या तबकड्या राज्याराज्यांच्या निरनिराळ्या नियमांवर सोडलेल्या होत्या. २०१८ सालच्या कायद्याने त्यांनाही मुदत ठरवून दिली. त्या हिशेबाने डलहार्टची १९२४ची आगगाडी १ जानेवारी २०२५ रोजी सर्वांना मोकळी झाली. कार्टर कुटुंबाने आणि रॉजर्सने ब्रिस्टल येथे गायिलेल्या गाण्यांपैकी ज्यांच्या तबकड्या १९२७ सालीच बाहेर पडल्या, त्यांच्या मुद्रणांची पाळी २०२८च्या पहिल्या दिवशी यावयाची आहे.